कुत्र्याचे अभ्यंगस्नान

दिवाळी जवळ आली की मला येणाऱ्या पत्रांत आणि दारात उभे राहून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न हमखास असतो : नरकचतुर्दशीला आपण अंगाला तेल लावतो, तसे कुत्र्याला लावले तर चालेल काय? विचारणाऱ्याचा भाव चांगला असतो. घरातील लहानथोर पहाटे तेल-उटणे लावून न्हात असताना ओसरीवर बांधलेला तो मुका जीव तसाच राहावा, हे कुणाला बरे वाटेल? तिकडे नेपाळात याच सुमारास ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. कुत्र्याच्या कपाळाला टिळा लागतो, गळ्यात झेंडूची माळ पडते आणि पुढ्यात गोडधोड येते. आमच्या वाशीमला अजून ती मजल गाठता आलेली नाही. या गावाचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. नावातच वासरू आहे म्हणा ना! वसुबारसेला गाय-वासरू पुजले जाते, पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लागते, आणि कुत्र्याच्या वाट्याला फार तर चंपाषष्ठीला खंडोबाच्या नावाने भाकरी येते.

तर प्रश्नाचे उत्तर : तेल जरूर द्यावे, पण ते खाऊ घालावे. अंगाला चोळू नये.

कारण सांगतो. कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात आणि त्यांचा स्राव केसांवर आपोआप पसरत असतो. निरोगी कुत्र्याच्या पाठीवर जी तुकतुकी दिसते ती या घरच्या तेलाची. वरून चोळलेल्या तेलाने केस चिकटतात, त्यात आमच्या काळ्या रानातली धूळ बसते, आणि उरलेले तेल कुत्रे चाटून साफ करते. म्हणजे शेवटी ते पोटातच जाते, फक्त मातीसकट. तेव्हा सरळ वाटेने गेलेले काय वाईट?

कातडीकडे आपण पिशवीसारखे पाहतो. आत हाडेमांस आणि वरून गुंडाळलेले आवरण. प्रत्यक्षात कातडी हा शरीरातला मोठा कारखाना आहे आणि त्याला कच्चा माल सतत लागतो. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर सुमारे तीन आठवड्यांत नवा होतो. केस तर जवळजवळ सगळे प्रथिनांचेच. रोजच्या खाण्यातल्या प्रथिनांपैकी पाव हिश्श्याहूनही अधिक वाटा कातडी आणि केस यांनाच लागू शकतो. खाणे कमी पडले की शरीर हिशेबी गृहिणीसारखे वागते : आधी हृदय, मेंदू, यकृत यांची सोय लागते आणि कातडीला उरलेसुरले मिळते. म्हणून पोटातली गरिबी पहिल्यांदा पाठीवर दिसते. केस राठ होतात, हात फिरवला की कोंडा उडतो, झुपके गळतात. आपण म्हणतो, ‘साबण बदलून पाहू.’

तेलाचे महत्त्व शास्त्रज्ञांनाही उशिराच कळले. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेले अन्न दिले. उंदरांच्या शेपट्यांवर खवले आले, वाढ खुंटली. लिनोलिक आम्ल नावाचे तेलातले एक द्रव्य दिल्यावर ते सुधारले. हे द्रव्य शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागते. पुढे १९५१ साली आरिल्ड हॅन्सन आणि हिल्डा वीस यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर असाच प्रयोग केला. अगदी कमी स्निग्धांशाच्या आहारावर वाढवलेल्या पिल्लांचे केस कोरडे आणि भरड झाले, कातडी खवलेदार झाली. आपल्या शेजारच्या आळीतले एखादे कुत्रे डोळ्यांपुढे आणा. तोच प्रयोग तिथे रोज बिनखर्चाने चालू असतो.

आता ते आमच्या शेतकऱ्याचे प्रकरण सांगितलेच पाहिजे. गेल्या वर्षी ऐन सोयाबीनच्या हंगामात रिसोड रस्त्याकडचे एक ओळखीचे शेतकरी माझ्याकडे आले. ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : दसरा-दिवाळीच्या सुमारास इकडे शेतात सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असतात. मळणी होईपर्यंत रात्री रानडुकरे आणि रोही यांच्यापासून राखण करावी लागते आणि त्या राखणीत माणसाहून कुत्र्याचा भरवसा जास्त. या गृहस्थांचा मोत्या सहा वर्षे हे काम करीत होता.

“काय सांगू भाऊ,” ते म्हणाले, “मोत्याले लूत लागली. गंधक लावून पाह्यलं, जळकं ऑइल लावून पाह्यलं, काईच फरक नाई. आता नातवाच्याबी पोटावर पुरळ उठलं. घरचे म्हन्तात, त्याले मालेगावच्या फाट्यावर सोडून या.”

वाचकहो, फाट्यावर सोडून देणे याचा अर्थ आपण सारे जाणतो. लुतीचे कुत्रे दुसऱ्या गावात कुणी उभे करीत नाही. दगड खात खात आठ-पंधरा दिवस फिरते आणि मग दिसेनासे होते. या माणसाच्या डोळ्यांत पाणी होते आणि हेही खरे की नातवाच्या पोटावर पुरळ होते. अशा वेळी भूतदयेवर व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. मी काही गुरांचा डॉक्टर नव्हे. मी त्यांना म्हटले, “निकाल आज लावू नका. आधी दवाखान्यात जाऊ. आणि नातवाला आपल्या डॉक्टरांना दाखवा.”

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी एक मौजेची परीक्षा केली. मोत्याच्या कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळली, तोच त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. एका जातीच्या लुतीची ही ओळखीची खूण आहे. मग कातडीवर पात्याने किंचित खरवडून ते काचेवर घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आठ पायांचा, डोळ्यांना न दिसणारा किडा तिथे होता.

इथे थोडे थांबून सांगतो, कारण ‘लूत’ या एका शब्दाखाली आपण चार निरनिराळे रोग कोंबतो. मोत्याला झाली होती ती खरजेच्या किड्याची लूत. ती कानाच्या कडा, कोपरे, पोट येथे आधी दिसते, खाज भयंकर असते आणि ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. सहवासातल्या माणसालाही पुरळ उठवते. मात्र कुत्र्याचा हा किडा माणसाच्या अंगावर आपला संसार थाटू शकत नाही, म्हणून कुत्रे बरे झाले की माणसाचे पुरळ बहुधा मावळते. दुसरी लूत केसांच्या मुळात राहणाऱ्या किड्याची. तो किडा पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडूनच मिळतो, बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर निमूट राहतो, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की माजतो. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती केस जातात, सुरुवातीला खाज फारशी नसते. ही माणसाला लागत नाही. तिसरे गजकर्ण, ती बुरशी आहे, गोल चट्टे पडतात, आणि घरातल्या मुलांना खुशाल लागते. चौथा प्रकार पिसवांचा : शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर कुत्रे दातांनी कुरतडत राहते. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचे वावडे असते; दोन-चार पिसवा चावल्या तरी सारी पाठ उघडी पडते. या चारींना चार वेगळी औषधे आहेत. एकच काळे तेल सगळ्यांना लावणारा माणूस चार कुलुपांना एकच किल्ली लावून पाहत असतो.

आणि ते काळे तेल! मोटारसायकलीच्या इंजिनातून काढलेले जळके ऑइल कुत्र्याला फासण्याची चाल आमच्या भागात इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध बोलले तर लोक माझ्याकडे दयेने पाहतात. त्या तेलात धातूंचे कण असतात, विषारी द्रव्ये असतात. ती कातडी जाळतात, आणि कुत्रे चाटते तेव्हा पोटात जातात. रॉकेलचे तेच. गुरांच्या गोचिडांचे औषध अंदाजाने पाण्यात ढवळून कुत्र्याच्या अंगावर ओतणारेही आहेत. एके काळी गॅमेक्सिनची भुकटी अशीच सर्रास चोळली जाई. ते द्रव्य १९९७ साली आपल्या देशात बंद झाले, पण ‘पांढरी पावडर द्या’ म्हणणारी मंडळी अजून भेटतात. कारंजा हे आमच्याच जिल्ह्यातले गाव, तेव्हा करंजाच्या तेलाची शिफारस तर घरोघरी होते. ते जुने त्वचेचे औषध आहे हे खरे, पण किड्याची लूत एकट्या करंजतेलावर सोपवून महिना घालवणे मला पटत नाही. त्या महिन्यात सारी आळी लुतीची होते.

आज खात्रीची औषधे आहेत. आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानच्या मातीतल्या एका जंतूत सापडले आणि त्यासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण तेही गोठ्यातल्या बाटलीतून ‘अंदाजे एवढे’ म्हणून टोचायचे औषध नव्हे. कोली जातीच्या आणि तिच्या रक्ताच्या कुत्र्यांत ते मेंदूत शिरून जीव घेऊ शकते. अलीकडे वजनाप्रमाणे देण्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्या पिसवा, गोचीड आणि लुतीचे किडे या सर्वांवर चालतात. मोत्याचे वजन झाले, औषध ठरले, अंगावरचे जळके तेल सौम्य शांपूने धुऊन काढले गेले. त्याचे बसायचे पोते जाळून टाकले.

मग डॉक्टरांनी विचारले, “खायला काय देता?”

“भाकर, साहेब. अन् उरलंसुरलं ताक.”

डॉक्टर म्हणाले, “किडे मी मारीन. केस तुम्हाला उगवावे लागतील.”

या भाकरीविषयी मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण तिच्या मागे एक मोठी हकीकत आहे आणि तिच्यात कुत्रेच नायक आहे. मक्यावर जगणाऱ्या अमेरिकेतल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग होई. उन्हात उघडी पडणारी कातडी काळवंडून सोलत असे. कुत्र्यांना तशाच निकृष्ट आहारावर ठेवले की त्यांची जीभ काळी पडे. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हहेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन, देऊन कुत्र्यांची ही काळी जीभ बरी केली आणि माणसांच्या रोगाचा उलगडा झाला. पुढे दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो असे दिसून आले. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९६५ साली डॉ. भवानी बेलवाडी व गोपालन यांनी ज्वारीच्या आहारावर कुत्र्यांमध्ये काळी जीभ निर्माण झाल्याचे जाहीर केले. ज्वारीतले ल्युसीन हे द्रव्य याला कारण, असे त्यांचे म्हणणे होते. ते कारण पुढे साऱ्यांनी मान्य केले नाही. पण निव्वळ ज्वारीवर कुत्रे धड राहत नाही, ही गोष्ट उरतेच.

याचा अर्थ भाकरी वाईट असा कुणी घेऊ नये. मी स्वतः दोन्ही वेळा भाकरी खातो. वाईट आहे ते भाकरीचे एकटेपण. आपण भाकरीबरोबर वरण, पिठले, दूध, जवसाची चटणी खातो. कुत्र्याला मात्र त्यातली फक्त भाकरी मिळते, तीही शिळी. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते जस्ताला धरून ठेवते. जस्त कमी पडले की कुत्र्याच्या ओठांभोवती, डोळ्यांभोवती, पंजांच्या गाद्यांवर खपल्या धरतात. त्यात कुणी हाडे मजबूत व्हावीत म्हणून वर चुन्याच्या गोळ्यांचा मारा केला तर जस्त आणखी अडते. लोक म्हणतात, ‘एवढे कॅल्शियम देतो तरी अंगावर काही धरत नाही.’

मोत्यासाठी डॉक्टरांनी दिलेला आहार असा : भाकरी राहू द्या, पण निम्मी. तिच्यावर घट्ट वरण, बिनकांद्याचे, बिनमसाल्याचे. एक दिवसाआड उकडलेले अंडे. बाजाराच्या दिवशी खाटकाकडून थोडेसे काळीज आणून शिजवून द्यावे, कारण त्यात जस्त, अ जीवनसत्त्व आणि ब गटातली बरीचशी जीवनसत्त्वे एका ठिकाणी मिळतात; मात्र रोज नको, अ जीवनसत्त्व साठून बाधते. आणि करडईचे तेल.

अंड्याचे नाव निघताच शेतकरी गप्प झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, “भाऊ, सोयाबीनचे भाव तुमी पाहूनच राह्यले. कुत्र्याले अंडं घालू का नातवाले?”

या प्रश्नावर माझ्याजवळ शहरातल्या पुस्तकांतले उत्तर नव्हते. त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते उत्तर त्यांच्या आईने दिले. म्हातारी सूप घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, “नातू खाते, थे दाने कोन राखते रे? रातभर सुडीपाशी बसते थो. त्याचं अंडं त्यानं कमावलं हाय.” विषय तिथेच मिटला.

अंडे उकडूनच का, असे पुष्कळ जण विचारतात. कच्च्या पांढऱ्या बलकातले ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाला जखडून टाकते, आणि बायोटिन तर केस-कातडीसाठीच हवे असते. शिजवले की ॲव्हिडिनचा जोर मोडतो. ‘कच्चे अंडे दुधात’ हा तालमीतल्या पैलवानांचा खुराक कुत्र्याला लावू नये.

तेलाबद्दल आता नीट सांगतो. वर ज्या लिनोलिक आम्लाचा उल्लेख केला, ते करडईच्या जुन्या वाणांच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश असते. सोयाबीन तेलात निम्मे. पामतेलात दहावा हिस्सा आणि खोबरेल तेलात नावापुरते. तेव्हा आमच्या भागातल्या माणसाला डोकेफोड करायचे कारण नाही. करडईचे मिळाले तर उत्तम, नाही तर सोयाबीनचे आहेच. जवसाचे तेल निराळ्या कामाचे. त्यातली द्रव्ये खाज आणि दाह कमी करण्याच्या बाजूची असतात, पण कुत्र्याच्या शरीरात त्यांचे उपयुक्त रूपांतर फार थोडे होते. त्या कामाला माशाचे तेल सरस. माशाचे तेल म्हणजे कॉडलिव्हर नव्हे, हेही ध्यानात असावे. कॉडलिव्हरमध्ये अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात, ते ओतून चालत नाही.

प्रमाण : दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला एक लहान चमचा, तोही पाव चमच्यापासून सुरू करून हळूहळू वाढवीत. एकदम जास्त दिले तर जुलाब होतात, आणि काही कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतते. तेल ताजे हवे. चकल्या-करंज्या तळून कढईत उरलेले तेल कुत्र्याच्या भाकरीवर ओतण्याचा काटकसरीपणा दिवाळीच्या आठवड्यात घरोघर चालतो. तो कृपा करून टाळा. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात हवे ते नासलेले असते आणि नको ते तयार झालेले असते.

आणि कुणी सोयाबीनची ढेप कुत्र्याला घालण्याचा विचार करीत असेल तर तोही सोडावा. ढेपेत प्रथिने भरपूर, पण ज्याच्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो ते तेल तिच्यातून आधीच काढून घेतलेले असते. कच्चे दाणे तर मुळीच नकोत, पचत नाहीत. (एका गृहस्थांनी मला पत्रात विचारले आहे की म्हशीला चालते ते कुत्र्याला का नाही. त्यांनी दोघांना रवंथ करायला सांगून पाहावे.)

आंघोळीचा विषय थोडक्यात. कुत्र्याची कातडी आपल्याहून पातळ, आणि तिची आम्लताही आपल्याहून कमी. आपला साबण तिला झोंबतो, रोजची आंघोळ तिचे तेल धुऊन नेते. निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा पुष्कळ झाली. डॉक्टरांनी औषधी शांपू दिला असेल तर तो लावून दहा मिनिटे घड्याळ लावून बसावे. लावला की धुतला, अशाने औषध गटाराला मिळते. त्याऐवजी रोज पाच मिनिटे ब्रश किंवा खरखरीत कापड फिरवा. मेलेले केस निघतात, तेल पसरते आणि मुख्य म्हणजे गोचीड हाताला लागते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत पाहायला विसरू नका. गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याचे रक्तच आटवतो. पिसवांच्या बाबतीत कुत्र्यापेक्षा त्याच्या जागेकडे लक्ष द्या. अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या, कोश यांचे मोठे गोकुळ पोत्यात, फटीत, ओसरीच्या कोपऱ्यात नांदत असते. पोते आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका आणि कडक उन्हात वाळवा. वैशाखात वाशीमला उन्हाची टंचाई नाही.

एवढे सगळे करूनही केस परत येत नसतील, विशेषतः प्रौढ कुत्रे सुस्तावले असेल, वजन वाढत असेल आणि दोन्ही कुशींवर सारखेच टक्कल पडत असेल, तर दोष खाण्याचा नसून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा असू शकतो. तिथे चमचाभर तेल काय करणार? रक्त तपासावे लागते. इथे सोय न झाल्यास अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. तिथपर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत.

मोत्याची खाज दुसऱ्या आठवड्यात उतरली. नातवाचे पुरळ त्याच्या पाठोपाठ गेले. केसांना मात्र वेळ लागला. पहिला महिना काहीच दिसेना. शेतकरी एकदा वाटेत भेटले तर तोंड फिरवून गेले, बहुधा अंड्यांचा हिशेब मनात असावा. तेलाचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात. जुनी कातडी जाऊन नवी यावी लागते, तिच्यातून नवा केस फुटावा लागतो. लोक पंधरा दिवसांत कंटाळतात आणि चमचा बंद करतात. इथे म्हातारीने बंद होऊ दिला नाही. संक्रांतीच्या सुमारास मोत्याच्या कोपरांवर लव आली, आणि होळीला तो तांबूस पाठ घेऊन दारात उन्हाला पडलेला मी पाहिला. यंदाच्या हंगामात तो पुन्हा सुडीपाशी आहे.

जाता जाता फराळाचे. चिवड्यातले बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. किती खाल्ल्याने बाधेल याचा भरवसा नाही, एखाद्याला मूठभर पचतात तर दुसऱ्याला थोडक्यातच लघवी बंद होते. चॉकलेटचेही तसेच, आणि भाजणीच्या चकलीबरोबर दिलेल्या कांद्या-लसणाच्या चटणीचेही. कुत्र्याने बेदाणे खाल्ल्याचे दिसले तर ओकारीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. लक्ष्मीपूजनाला दवाखाना बंद असेल, म्हणून डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक धनत्रयोदशीलाच भिंतीवर लिहून ठेवा.